'पाठलाग'मागचे राजाभाऊ

एखादी कथा जन्माला एका भाषेत येते आणि कीर्ती मात्र दुसऱ्या भाषेत मिळवते. नांदेड वा लातूरच्या कोणा जुन्या रसिकासमोर 'मेरा साया'चे नाव काढावे. बरेलीच्या बाजारात हरवलेल्या झुमक्याचे गाणे त्याला तत्काळ आठवेल. मात्र ही रहस्यकथा पडद्यावर प्रथम मराठीत अवतरली आणि तिचे दिग्दर्शक राजा परांजपे होते, हे ऐकून आज अनेकांना नवल वाटते.

राजाभाऊंचा जन्म २४ एप्रिल १९१० रोजी मिरजेत झाला. अभिनयाच्या ओढीने ते चित्रपटसृष्टीत आले आणि कोल्हापुरात भालजी पेंढारकरांच्या सहवासात या माध्यमाचे धडे त्यांनी गिरवले. पुढे ग. दि. माडगूळकरांची लेखणी, सुधीर फडके यांचे संगीत आणि राजाभाऊंचे दिग्दर्शन असा त्रिवेणी संगम जुळून आला. 'लाखाची गोष्ट' आणि 'पेडगावचे शहाणे' हे दोन्ही चित्रपट १९५२ सालचे. मराठवाडा १९५६ मध्ये हैदराबाद राज्यातून मराठी मुलखाशी जोडला गेला, तेव्हा राजाभाऊंच्या कारकिर्दीला बहर आलेला होता. 'जगाच्या पाठीवर' (१९६०) मध्ये त्यांनी नायकाची भूमिकाही केली.

हसवणारा आणि डोळ्यांत पाणी आणणारा दिग्दर्शक अशी ख्याती झाली असताना, १९६४ मध्ये त्यांनी अगदी वेगळी वाट धरली. जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरून त्यांनी 'पाठलाग' काढला. हॉलिवूडमध्ये चाळिशीच्या दशकात गुन्हा, संशय आणि अंधार यांची जी चित्रपटपरंपरा उदयाला आली, तिला फ्रेंच समीक्षकांनी 'फिल्म न्वार', म्हणजे काळा चित्रपट, असे नाव दिले. ओटो प्रेमिंजर यांच्या 'लॉरा' (१९४४) मध्ये मृत मानलेली स्त्री जिवंत समोर येते. 'पाठलाग'चा गाभाही याच जातीचा आहे. पत्नीचा मृत्यू झाल्यानंतर एका वकिलापुढे हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी आरोपी स्त्री उभी राहते आणि आपणच त्याची पत्नी असल्याचे सांगते. कायद्याने पुरावा मागायचा आणि मनाने ओळख पटवायची, या कात्रीत तो सापडतो. काशिनाथ घाणेकर आणि भावना यांनी या भूमिका केल्या. कृष्णधवल चित्रीकरणातील छायाप्रकाश या संशयाला पोषक ठरला. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला.

ही कथा मराठीच्या सीमेत राहिली नाही. १९६५ मध्ये 'इदय कमलम्' या नावाने ती तमिळमध्ये गेली. १९६६ मध्ये राज खोसला यांनी ती हिंदीत आणली. खोसला हे 'सी. आय. डी.' (१९५६) आणि 'वह कौन थी' (१९६४) यांसारख्या रहस्यपटांचे जाणते दिग्दर्शक. रंगीत चित्रपटांचा काळ आला होता. साहजिकच सावल्यांच्या जागी उदयपूरचे राजवैभव आले, साधना आणि सुनील दत्त आले, मदनमोहन यांचे अवीट संगीत आले. वेश पालटला, पण न्यायालयातील ती उलटतपासणी तशीच राहिली. प्रेक्षक श्वास रोखून बसतो तो तिच्याचसाठी. स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवावा की नाही, हा त्या पतीला पडलेला प्रश्न कोणत्याही काळात जुना होत नाही. नव्या काळासाठी जुनी कथा पुन्हा सांगणाऱ्याने राखायचे असते ते हेच. खोसलांनी ते राखले, हे त्यांचे श्रेय मोकळेपणाने मान्य करायला हवे.

'पाठलाग'नंतर राजाभाऊंनी 'पडछाया' (१९६५), 'गुरुकिल्ली' (१९६६) आणि 'आधार' (१९६९) असे चित्रपट दिले. ९ फेब्रुवारी १९७९ रोजी त्यांचे निधन झाले. हिंदी आवृत्तीच्या झगमगाटात मूळ कृती झाकोळली जाणे हे मराठी चित्रपटाच्या वाट्याला आलेले जुनेच दुखणे आहे. त्याची तक्रार करण्यापेक्षा दोन्ही चित्रपट एकापाठोपाठ पाहावेत. 'मेरा साया' पाहताना ज्या सावलीने आपण भारावून जातो, ती प्रथम कोणी पाडली होती, याचे उत्तर 'पाठलाग'च्या काळ्या-पांढऱ्या चौकटीत आपसूक मिळते.