अनवाणी चालणारे फादर वाझ

गेल्या ख्रिसमसच्या आधी आमच्या चर्चच्या युवक गटाबरोबर मी एका रुग्णालयात गेले होते. केक वाटायचा, दोन शब्द बोलायचे, प्रार्थना करायची, असं ठरलं होतं. एका खाटेवर खेड्यातून आलेली एक आजी होती. ती माझा हात धरून कन्नडमध्ये काहीतरी सांगत होती. मी हसले, केक दिला आणि पुढे गेले. नंतर नर्सकडून कळलं की तिला मुलाला फोन लावून हवा होता. मी बेळगावात जन्मले. कन्नड शाळेत होतं, पण पास होण्यापुरतंच शिकले आणि पुढे हट्टानेच सोडून दिलं.

सुट्टीत संत जोसेफ वाझ यांचं चरित्र वाचत होते, तेव्हा ती आजी पुन्हा पुन्हा आठवत राहिली.

फादर वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी सासष्टीतल्या बाणावलीला, आजोळी झाला. वडिलांचं गाव सांकवाळ. घरची भाषा कोकणी, शिक्षण पोर्तुगीज आणि लॅटिनमध्ये. १६७६ मध्ये ते धर्मगुरू झाले. तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य होतं आणि चर्चमधली मोठी पदं बहुतेक गोऱ्या पाद्रींकडेच जात. अशा वेळी आपल्यालाही थोडा मान मिळावा असं कुणालाही वाटलं असतं. यांनी उलट पायातले जोडेच काढून टाकले. गोरगरीब अनवाणी चालत, म्हणून हेही अनवाणी चालू लागले.

१६८१ मध्ये त्यांना कॅनरात, म्हणजे आजच्या मंगळूरच्या किनारपट्टीत पाठवण्यात आलं. गोव्याच्या आर्चबिशपचा अधिकार मानायचा की रोमने नेमलेल्या बिशपांचा, यावरून तिथल्या ख्रिस्ती लोकांत तट पडले होते. फादर वाझ यांनी त्या भांडणात तेल ओतलं नाही. ते गावोगाव फिरले, मोडकळीला आलेली चर्चं उभी केली, मुलांसाठी शाळा काढल्या, आजाऱ्यांच्या घरी गेले. चर्चच्या कमिटीत दोन गट पडले की आपण आधी आपला गट कोणता ते बघतो. त्यांनी आधी काम कुठे अडलंय ते बघितलं.

१६८४ मध्ये ते गोव्याला परतले. पुढच्या वर्षी जुन्या गोव्यात गोमंतकीय धर्मगुरूंचा एक छोटा संघ आकाराला आला आणि ते त्याचे प्रमुख झाले. तिथेच मानाने राहता आलं असतं. पण त्यांचं लक्ष सिलोनकडे, म्हणजे आजच्या श्रीलंकेकडे लागलं होतं. १६५८ पर्यंत डच लोकांनी तिथला किनारा पोर्तुगीजांकडून जिंकून घेतला होता आणि कॅथलिक धर्मगुरूंना बंदी घातली होती. जवळजवळ तीस वर्षं तिथल्या कॅथलिकांना पाद्री नव्हता, मिस्सा नव्हती.

१६८६ मध्ये प्रमुखपद सोडून ते निघाले. बरोबर जुआंव नावाचा एक सोबती होता. १६८७ मध्ये मजुराच्या वेशात ते जाफन्याला पोहोचले, ते हगवणीने अर्धमेले होऊनच. कोणीतरी दिलेल्या पेजेवर दोघं वाचले. बरं वाटल्यावर गळ्यात जपमाळ घालून ते दारोदार भीक मागू लागले. माळेकडे बघून ज्याचा चेहरा बदलेल तो आपला, हे ते ओळखत. मग रात्री एखाद्या घरात गुपचूप मिस्सा होई. एवढ्या मोठ्या कामाची सुरुवात अशी भिकेच्या कटोऱ्याने झाली.

१६९२ मध्ये ते आतल्या डोंगराळ भागात, कँडीच्या बौद्ध राजाच्या राज्यात गेले. तिथे पोर्तुगीजांचा हेर समजून त्यांना कैदेत टाकलं. तुरुंगात दुसऱ्या कुणी दिवस मोजले असते. हे सिंहली शिकले. तमिळ त्यांना येत होतीच. पुढे याच दोन भाषांत त्यांनी लोकांना प्रार्थना दिल्या आणि धर्मशिक्षण दिलं. हळूहळू राजाचा संशय गेला आणि त्यांना मोकळेपणाने फिरता येऊ लागलं.

१६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली. ज्यांना शक्य होतं ते शहर सोडून गेले. आजाऱ्यांना घरच्यांनी रानात नेऊन टाकलं. फादर वाझ आणि त्यांचे भाचे फादर कार्व्हालो मात्र तिथेच थांबले. त्यांनी रोग्यांसाठी निवारा केला, त्यांना खाऊ घातलं, त्यांच्या जखमा धुतल्या, मेलेल्यांना पुरलं. रोगी ख्रिस्ती आहे की बौद्ध, हे विचारलं नाही. प्रवचनांनी जे विरोधक वळले नव्हते, ते हे बघून वळले.

पुढे बिशपपदासाठी त्यांचं नाव निघालं, तेही त्यांनी टाळलं. गोव्याला ते पुन्हा कधी परतले नाहीत. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीतच वारले. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत जाहीर केलं.

मला या सगळ्यातून एक साधी गोष्ट कळली. आपण देवाशी कसे बोलतो, याची परीक्षा शेजारच्या माणसाशी कसे बोलतो यात होते. फादर वाझ लोकांपर्यंत चालत गेले आणि तिथे पोहोचल्यावर त्यांची भाषा शिकले. मी रोज जपमाळ करते, पण हातभर अंतरावरच्या आजीपर्यंत मला पोहोचता आलं नाही.

१६ जानेवारी हा त्यांचा सण. दुसऱ्याच दिवशी, १७ जानेवारीला, आमच्या बेळगावात सीमालढ्याचा हुतात्मा दिन असतो. घरातली मोठी माणसं त्या दिवशी गप्प गप्प असतात. मराठी ही माझी भाषा आहे, त्यात तडजोड नाही. पण कोकणी ही फादर वाझ यांचीही आपली भाषा होती, आणि सिंहली शिकल्याने ती कमी झाली नाही. भाषेचा अभिमान आणि माणसाची गरज, या दोन्हींना एका मनात जागा असते. माझ्या मनात ती मी केली नव्हती, एवढंच.

आता मैत्रिणीकडून रोज दहा वाक्यं शिकते. जानेवारीत पुन्हा त्या रुग्णालयात गेले. ती आजी घरी गेली होती. तिच्या खाटेवर दुसरी बाई होती. जेवलात का, घरी कुणाला फोन लावायचाय का, एवढं कन्नडमध्ये विचारता आलं. ती माझे उच्चार ऐकून हसली आणि मग तिने नंबर सांगितला.