नाण्यावरचा राजा आणि प्रश्न विचारणारा मिलिंद

यवतमाळ, पुसद, उमरखेड, वणी, कुठल्याही बौद्ध वस्तीत जा, मिलिंद नावाचा एक तरी माणूस भेटतोच. हे नाव ज्याच्यावरून आले तो ग्रीक राजा मिनँडर. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात काबूलच्या खोऱ्यापासून पंजाबपर्यंत त्याची सत्ता होती. त्याची राजधानी सागल, म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते आजचे सियालकोट.

वर्तमानपत्रे नव्हती त्या काळी राजा कोण हे नाणेच हातोहात सांगत फिरे. मिलिंदाच्या चांदीच्या नाण्यांवर कपाळाला राजपट्टा बांधलेला त्याचा चेहरा आहे. काहींवर शिरस्त्राण, काहींवर उगारलेला भाला. मागे ढाल आणि वज्र घेतलेली अथेना देवी. ग्रीक आणि खरोष्ठी अशा दोन्ही लिपींत तो महाराज व त्राता असल्याची द्वाही. एका लहान तांब्याच्या नाण्यावर मात्र आठ आऱ्यांचे चक्र आहे. ते धम्मचक्रच काय, यावर विद्वानांत मतभेद आहेत.

पण मिलिंद आमचा झाला तो नाण्यामुळे नव्हे. मिलिंदपञ्ह ग्रंथ सांगतो की, वादात कुणालाही हार न जाणारा हा राजा भदंत नागसेनांसमोर बसला. राजे मतभेद करणाऱ्याला दंड देतात, म्हणून वाद पंडितांच्या रीतीने व्हावा, अशी भदंतांनी अट घातली. राजाने ती मान्य केली. त्याने आत्म्याबद्दल विचारले, पुनर्जन्माबद्दल विचारले, शंका फिटेपर्यंत विचारले. आणि मगच उपासक झाला. पुढे मुलाच्या हाती राज्य सोपवून त्याने गृहत्याग केला, असे हा ग्रंथ म्हणतो. ग्रीक लेखक प्लूटार्क त्याचा मृत्यू लष्करी छावणीत झाल्याचे लिहितो. त्याच्या अस्थी नगरांनी वाटून घेतल्या व त्यांवर स्मारके उभारली, असेही नोंदवतो.

बाबासाहेबांनी १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत उभारलेले महाविद्यालय मिलिंदाच्या नावाने ओळखले जाते, परिसर नागसेनवन म्हणून. विचारणारा आणि उत्तर देणारा, दोघांनाही तिथे मान आहे.

आणि आम्ही? चौकाचौकांत नेत्यांचे फलक लावतो, त्यांना त्राता ठरवतो आणि प्रश्न विचारणाऱ्या कार्यकर्त्याला गद्दार म्हणतो. ही नाण्यावरच्या राजाची पूजा झाली. मुलाचे नाव मिलिंद ठेवणाऱ्या समाजाने त्या मुलाला प्रश्न विचारू दिलाच पाहिजे, विहारात आणि पक्षाच्या बैठकीतही.