सूर्याचे उपासक कावसजी नायगामवाला
पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात (पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय) एकेकाळी देशातील सर्वांत मोठी दुर्बीण होती. भावनगरच्या तख्तसिंहजी महाराजांच्या देणगीमुळे कावसजी नायगामवाला (१८५७–१९३८) यांना तेथे वेधशाळा उभारता आली. २२ जानेवारी १८९८ रोजी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे त्यांनी खग्रास सूर्यग्रहणाचे वेध घेतले. ग्रहणात दिसणाऱ्या प्रभामंडळाच्या पाकळ्यांना चुंबकीय क्षेत्र आकार देते, हे तेव्हा कुणास ठाऊक नव्हते. हेच क्षेत्र आतून वर येणारी उष्णता अडविते, म्हणून सौरडाग काळसर दिसतात. क्षेत्र विरले की डागही विरतो. डागांतील चुंबकत्व हेल यांनी १९०८ मध्ये सिद्ध केले. १९१२ मध्ये नायगामवाला निवृत्त झाले आणि वेधशाळाही बंद पडली, याची आम्हांस खंत वाटते. दुर्बीण कोडाईकनालला गेली.