चार काळांची एक वेणी

फिल्म सोसायटीच्या खेळाला 'इन्टॉलरन्स' पाहिला, तेव्हा पहिला अर्धा तास मी पार गोंधळून गेलो होतो. बाबिलोनची तटबंदी, येशूचा काळ, १५७२चे पॅरिस आणि विसाव्या शतकातली अमेरिका! एक गोष्ट रंगते न रंगते तोच दुसरी पुढ्यात. मध्येच पाळणा हलवणारी एक स्त्री. १९१६च्या प्रेक्षकांचे काय झाले असेल!

हा खटाटोप करणारा डेव्हिड वॉर्क ग्रिफिथ १८७५ साली केंटकीत जन्मला. वडील दक्षिणेच्या फौजेतले कर्नल. तो दहा वर्षांचा असताना ते वारले. त्याला व्हायचे होते नाटककार. ते जमेना, म्हणून पोटासाठी सिनेमात नट झाला आणि १९०८ साली बायोग्राफ कंपनीत दिग्दर्शक. त्याच वर्षी 'आफ्टर मेनी इयर्स'मध्ये वाट पाहणारी बायको आणि दूर बेटावर अडकलेला नवरा यांची दृश्ये त्याने एकाला एक जोडली. कंपनीवाले धास्तावले. डिकन्सच्या कादंबऱ्या वाचणाऱ्यांना हे सहज कळेल, असा ग्रिफिथचा हिशेब होता. तो बरोबर ठरला.

१९१५चा 'द बर्थ ऑफ अ नेशन' तुफान चालला. पण त्यात कृष्णवर्णीयांची विटंबना होती, कू क्लक्स क्लॅनचा गौरव होता. निषेध झाला, तर ग्रिफिथला निषेध करणारेच असहिष्णू वाटले! एवढ्या मोठ्या कलावंताला स्वतःचा दोष दिसू नये, हे मला आजही खटकते.

'इन्टॉलरन्स'ची रीतसर लिहिलेली पटकथा नव्हती. सारी वीण त्याच्या डोक्यात. शेवटाकडे दृश्यांचे तुकडे लहान लहान होत जातात. बाबिलोनला सावध करायला रथ दौडतो आणि अमेरिकेत एका निरपराध तरुणाची फाशी थांबवण्यासाठी मोटार आगगाडीचा पाठलाग करते. चारांपैकी फक्त हा तरुण वाचतो. मग पडद्यावर येतो भविष्यकाळ. लढाई थांबते, तुरुंगाच्या भिंती विरून जातात. युरोपात तेव्हा महायुद्ध पेटलेले. १९१७च्या एप्रिलमध्ये अमेरिकाही त्यात उतरली. शांततेचे ते स्वप्न कोणाला हवे होते?

चित्रपट आपटला. ग्रिफिथने पदरचे पैसे घातले होते. १९३१नंतर त्याला एकही चित्रपट मिळाला नाही आणि १९४८ साली हॉलिवूडच्या एका हॉटेलात राहत असताना तो गेला. पण मला आठवते ते १९१९ साल. कर्ज फेडायचे म्हणून त्याने बाबिलोनची आणि अमेरिकेची गोष्ट वेगळी काढून दोन स्वतंत्र चित्रपट केले. घातलेली वेणी त्याने स्वतःच्या हातांनी सोडवली.