रेशमी पट्टीवरचा समुद्र
ब्रिटिश सागरी जीवशास्त्रज्ञ सर अ‍ॅलिस्टर हार्डी यांचा जन्म १८९६ मध्ये नॉटिंगहॅम येथे झाला. १९२५ च्या ‘डिस्कव्हरी’ जहाजाच्या अंटार्क्टिक मोहिमेसाठी त्यांनी जहाजामागे ओढत नेण्याचे एक यंत्र तयार केले. त्यातील सरकत्या रेशमी पट्टीवर प्लवक, म्हणजे माशांचे सूक्ष्म खाद्य, टिपले जाई. १९३१ पासून मालवाहू जहाजांवर या यंत्राचा नियमित वापर सुरू झाला. पुढे पट्ट्यांचा मोठा संग्रह जमला. हार्डी १९८५ मध्ये निवर्तले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, १९६० च्या दशकातील पट्ट्यांवरही प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण आढळले; नंतरच्या दशकांत त्यांचे प्रमाण वाढले होते. माशांच्या अन्नाचा हिशेब ठेवण्यासाठी हार्डी यांनी मांडलेल्या वहीत माणसाच्या कचऱ्याचीही नोंद झाली होती.