बालकवींना घर देणारे रेव्हरंड टिळक, ज्यांनी येशूला अभंगात आणलं

साल १९०७. जळगावात पहिलं महाराष्ट्र कविसंमेलन भरलं होतं. धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे या सोळा-सतरा वर्षांच्या पोराने कविता म्हटली आणि सभा जिंकली. अध्यक्ष कीर्तिकरांनी त्याला बालकवी म्हणून गौरवलं. हा किस्सा आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेला असतो.

पण त्याच संमेलनाला एक ख्रिस्ती पाळकही होते. पुढे बालकवी नगरला त्यांच्याच घरी लेकरासारखे राहिले. राहिले ते हिंदू म्हणूनच.

हे पाळक म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक.

टिळकांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. घर चित्पावन ब्राह्मण, शिक्षण नाशकात, संस्कृतचा व्यासंग. १८९३ च्या सुमारास रेल्वेच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना बायबलचा नवा करार दिला. त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना झपाटून टाकलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

याची किंमत मोठी होती. समाजाने वाळीत टाकलंच, पण संसारही मोडला. पत्नी लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन नातेवाइकांकडे पंढरपूरला राहिल्या. जवळपास पाच वर्षं ताटातूट झाली. नंतर त्या परत आल्या आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. ही सगळी कहाणी त्यांच्या स्मृतिचित्रे या आत्मचरित्रात आहे.

तर मुद्दा असा, की ख्रिस्ती झाल्यावर टिळकांना एक गोष्ट खटकू लागली.

तेव्हाच्या मराठी चर्चमध्ये पुष्कळ गाणी इंग्रजी गीतांची भाषांतरं होती. चालीही तिकडच्याच. शब्द मराठी असले तरी ती ऐकणाऱ्याच्या काळजाला भिडत नव्हती. टिळक तर तुकोबांच्या अभंगांवर वाढलेले. तुकारामांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असं ते मानत. मग त्यांनी अभंग, ओव्या, पदं लिहायला घेतली. येशूला गुरू म्हटलं, माउली म्हटलं. टाळ-मृदंगावर भजन आणि कीर्तन सुरू केलं. उपासना संगीत या मराठी चर्चच्या गीतसंग्रहात आजही त्यांची कितीतरी गीतं आहेत.

१९१२ पासून ते ज्ञानोदय या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादक होते. तिथून ते एकच गोष्ट लावून धरत : देशी माणसाचं चर्च देशी माणसाने चालवावं. परदेशी मिशनचे पैसे आले की हुकूमही तिकडूनच येतो, हे ते उघड बोलत.

नुसतं बोलून ते थांबले नाहीत. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि संन्याशासारखं जगायचं ठरवलं. साताऱ्याला राहून देवाचा दरबार नावाची मंडळी उभी केली. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, येशूला मानणाऱ्या प्रत्येकाला तिथे जागा होती. जातीचा आणि पंथाचा भेद नव्हता.

मिशनमधल्या अनेकांना हे पटलं नाही. बाप्तिस्म्याशिवाय चर्च कसलं, हा त्यांचा प्रश्नही अगदीच चुकीचा नव्हता. पण टिळकांना पुरेसा वेळच मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते गेले. त्यांच्यामागे दरबार फार काळ टिकला नाही. ख्रिस्तायन हे त्यांचं महाकाव्यही अपुरं राहिलं होतं. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं.

मग आजच्या चर्चने यातून काय घ्यावं?

खानदेशचंच बघा. जळगाव-धुळ्यात घराघरात अहिराणी बोलली जाते, सातपुड्याच्या पाड्यांवर भिली आणि पावरी. तिथल्या माणसाने घरी एका भाषेत रडायचं आणि प्रार्थना मात्र दुसऱ्या भाषेत करायची का? टिळक असते तर त्यांनी आधी त्या माणसाची गाणी ऐकली असती.

दुसरा प्रश्न पैशाचा. जी मंडळी आपला खर्च आपण उचलते, तिलाच आपले निर्णय आपण घेता येतात. शंभर वर्षांपूर्वी एका कवीने पगार सोडून हे दाखवलं होतं.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे टिळकांच्या घराचं दार. धरणगावच्या त्या पोराला तिथे आसरा मिळाला, पण त्यासाठी त्याला धर्म बदलावा लागला नाही.