दुपारच्या उजेडाचा चित्रकार

चित्रात देवत्व दाखवायचे कसे? मध्ययुगीन युरोपातील बहुतेक चित्रकारांपाशी याचे ठरलेले उत्तर होते : सोन्याचा वर्ख. पिएरो देल्ला फ्रांचेस्का या इटालियन चित्रकाराने मात्र मुख्य भिस्त ठेवली ती साध्या दिवसाच्या उजेडावर. म्हणूनच मला तो मोठा वाटतो.

पिएरोचा जन्म १४१५ च्या सुमारास तोस्कानातील सान्सेपोल्क्रो या छोट्या गावी झाला. वडील कातड्याचा धंदा करीत. १४३९ साली तो फ्लॉरेन्सला दोमेनिको व्हेनेझियानो या चित्रकाराच्या हाताखाली काम करीत होता. प्रकाशाने उजळलेले फिकट रंग त्याने तेथे जवळून पाहिले. पण त्या महानगरात तो रमला नाही. उर्बिनो, आरेझ्झो येथे कामे केली, तरी पुनःपुन्हा गावी परतला.

पंधराव्या शतकाच्या मध्याच्या आसपास त्याने गावातील एका चर्चसाठी 'ख्रिस्ताचा बाप्तिस्मा' रंगविला. लाकडी फळीवरील सुमारे १६७ सेंटिमीटर उंचीचे हे चित्र १८६१ पासून लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. मी ते केवळ छापील प्रतीत पाहिले आहे. तरीही त्यातील स्तब्धता मनातून जात नाही. मधोमध ख्रिस्त उभा आहे. त्याच्या मस्तकावर योहानाच्या हातातले पाण्याचे पात्र आहे आणि त्यावर पवित्र आत्म्याचे प्रतीक असलेले कबुतर. पंख पसरलेले हे कबुतर प्रथमदर्शनी आकाशातला आणखी एक ढगच भासते. शेजारच्या झाडाचे खोड ख्रिस्ताच्या देहासारखेच शुभ्र आहे. मागे दिसते ते सान्सेपोल्क्रो! जॉर्डन नदी जणू गावच्या शिवारातूनच वाहते आहे.

ऊन भर दुपारचे, सावल्या थोड्या. कबुतरापासून निघणारे बारीक सोनेरी किरण आता जवळजवळ दिसेनासे झाले आहेत. तरी चित्राचे काही बिघडले नाही, कारण त्यातले पावित्र्य सोन्यावर अवलंबून नव्हतेच. प्रतीक वरून चिकटवलेले नाही. ते ढगात, झाडात, पाण्यात मुरलेले आहे.

ही शांतता केवळ भक्तीतून आलेली नाही, तिच्यामागे गणित आहे. पिएरो उत्तम गणिती होता. व्यापारी गणित, यथार्थदर्शन आणि पाच सुसम घनाकृती या विषयांवर त्याने ग्रंथ लिहिले. घनाकृतींवरील ग्रंथाचे इटालियन रूपांतर त्याच्याच गावच्या लुका पाचोलीने १५०९ मध्ये आपल्या पुस्तकात घातले. पिएरोचे श्रेय मात्र दिले नाही.

१२ ऑक्टोबर १४९२ रोजी पिएरो वारला. उतारवयात त्याची दृष्टी गेली होती, असे वासारीने नोंदविले आहे. लहानपणी आपण आंधळ्या पिएरोला हाताला धरून गावात फिरवीत असू, अशी एका माणसाची आठवणही सोळाव्या शतकात नोंदली गेली. हा माणूस कंदील बनविणारा होता. उजेडाच्या या उपासकाला अखेरीस हात मिळाला तो एका भावी कंदीलवाल्याचा.